कम्युनिटी कॉलेजातून विमानतळाकडे: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या पदवीच्या स्थानिक सरकारी कॉलेजांत, एव्हिएशन मॅनेजमेंट शिकण्याबद्दल महाराष्ट्रातून आणि तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून पत्रं आली आहेत. त्यांतल्या काहींना इथे उत्तरं देत आहे.

प्रश्न: मी नाशिकचा. बारावी कॉमर्स झालो. फ्लोरिडातल्या एका कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा हा कोर्स आहे. एजंट म्हणतो, कोर्स झाला की विमानतळावर मॅनेजरची नोकरी, आणि मग तिथेच कायम. बाबा जमिनीचा तुकडा विकायला तयार आहेत. जाऊ का?

उत्तर: जमिनीचा विषय आधी थांबवा आणि हे बाबांनाही वाचून दाखव.

कोर्स खोटा नाही. फ्लोरिडात मायामी डेड कॉलेजसारख्या सरकारी कॉलेजात विमानवाहतुकीचा स्वतंत्र विभाग आहे. साधारण ६० क्रेडिटांचा अभ्यास आणि शेवटी असोसिएट, म्हणजे बॅचलरच्या आधीची दोन वर्षांची पदवी, असं अशा कोर्सचं स्वरूप असतं. कॉमर्सचा अडसर नाही, कारण इथे विमान उडवायला नव्हे, विमानतळ आणि विमान कंपनी चालवायला शिकवतात: हवाई कायदा, सुरक्षा, खर्चाचं गणित, मालवाहतूक.

अडचण कोर्सनंतर सुरू होते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला पदवीनंतर ओपीटी या तात्पुरत्या परवानगीखाली आपल्या विषयात १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ असोसिएट पदवीवर मिळत नाही, त्याला किमान बॅचलर पदवी लागते. एच-१बी हा नोकरीचा व्हिसाही मुळात बॅचलर पदवी लागणाऱ्या कामांसाठीच आहे. म्हणजे दोन वर्षं शिक्षण, फार तर एक वर्ष काम, आणि मग परतीचं तिकीट. 'तिथेच कायम' हे एजंटच्या हातात नाही.

मॅनेजरच्या खुर्चीचंही तेच. विशी-बाविशीत कोणी विमानतळाचा मॅनेजर होत नाही. सुरुवात रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या जागी), काउंटरवर किंवा ऑपरेशन्सच्या रात्रपाळीत होते. त्यात कमीपणा काहीच नाही, पण घर पणाला लावणाऱ्या माणसाला ते आधी कळायला हवं.

बॅचलरपर्यंतच्या चारही वर्षांच्या खर्चाची सोय दिसत असेल, तर पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून पुढे विद्यापीठात जाणं हा चांगला मार्ग आहे. फी विचारताना मात्र परदेशी विद्यार्थ्याची फी विचार. जाहिरातीतला कमी आकडा बहुधा त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी असतो. नुसत्या दोन वर्षांसाठी जमीन विकू नका, असंच माझं मत आहे.

प्रश्न: आम्ही मूळचे ठाण्याचे, आता डॅलसला. मुलगी १८ वर्षांची, एच-४ व्हिसावर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा). तिला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय. कम्युनिटी कॉलेजातून होता येईल?

उत्तर: शिकता येईल, पण एफएए या अमेरिकेच्या सरकारी विमानवाहतूक संस्थेत कंट्रोलरची नोकरी अमेरिकी नागरिकालाच मिळते. शिवाय अर्ज वयाची ३१ वर्षं पूर्ण होण्याआधी करावा लागतो. पेनसिल्व्हेनियातलं बीव्हर काउंटीचं कम्युनिटी कॉलेज यासारख्या काही कॉलेजांत एफएएशी जोडलेलं कंट्रोलरचं शिक्षण आहे. कॉलेज प्रवेश देईल, नोकरीचं दार मात्र नागरिकत्वाशीच अडेल. ग्रीन कार्डाच्या रांगेची लांबी पाहता, ३१च्या आत नागरिकत्व मिळेल यावर तिचं भविष्य टांगू नका. तिला हे आजच सांगा. दोन वर्षं शिकून झाल्यावर कळलं तर जास्त लागेल.

तिची ओढ आकाशातल्या रहदारीची असेल, तर फ्लाइट डिस्पॅचरचं काम तिला दाखवा. हवामान, इंधन, मार्ग, पर्यायी विमानतळ हे सगळं पाहून उड्डाणाचा आराखडा डिस्पॅचर बनवतो. अमेरिकेतल्या नियमित विमान कंपन्यांत त्या उड्डाणाची जबाबदारी कायद्याने कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर असते, आणि विमान उतरेपर्यंत तो त्याच्यावर लक्ष ठेवून असतो. प्रशिक्षण किमान २०० तासांचं. लेखी परीक्षा २१व्या वर्षी देता येते, प्रमाणपत्र २३व्या वर्षी मिळतं. प्रमाणपत्रासाठी नागरिकत्वाची अट नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ग्रीन रिव्हर कॉलेजात हे शिक्षण पदवीला जोडलेलं आहे. नोकरीसाठी कामाचा परवाना मात्र इथेही लागेलच.

दोन गोष्टी आताच वहीत लिहून ठेवा. एच-४वर तिला शिकता येतं, कमावता येत नाही, त्यामुळे पगारी इंटर्नशिप बंद. आणि २१व्या वर्षी ती एच-४मधून बाहेर पडेल, तेव्हा एफ-१चा अर्ज वेळेत करायला हवा. टेक्सासमध्ये रहिवाशांच्या दराने फी लागते का, हे कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्या.

प्रश्न: वय ४१, ग्रीन कार्ड आहे, न्यू जर्सीत राहतो. मुंबई विद्यापीठाचा बी. कॉम. सध्या विमानतळावर रात्री सामान चढवण्या-उतरवण्याचं काम करतो. आता शिकून काही उपयोग?

उत्तर: खूप उपयोग आहे. कम्युनिटी कॉलेज तुमच्यासारख्यांसाठीच आहे. कामाचा परवाना आहे, बॅज आहे, रॅम्प पायाखालचा आहे. वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुलांना जे पुस्तकातून समजून घ्यावं लागेल, ते तुम्ही रोज रात्री पाहता.

तुम्ही एअरपोर्ट ऑपरेशन्स हे लक्ष्य धरा. प्रवासी विमानं येणाऱ्या विमानतळांना एफएएच्या पार्ट १३९ या नियमांनुसार प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्यासाठी रोज पाहणी करावी लागते: धावपट्टीला भेगा आहेत का, दिवे लागतात का, रंगवलेल्या खुणा दिसतात का, पक्षी जमलेत का, कुठे बोल्ट पडलाय का. बिघाड दिसला की वैमानिकांसाठी नोटॅम (धोक्याची किंवा बदलाची अधिकृत सूचना) काढायचा, वेळ आली तर धावपट्टी बंद करायची. हे काम करणारा माणूस विमानतळ आतून ओळखतो, आणि तिथून पुढे व्यवस्थापनात जाता येतं.

दुसरा विषय पैशाचा. तिथले मोठे विमानतळ बहुतेक शहर, काउंटी किंवा प्राधिकरण अशा सार्वजनिक संस्थांच्या मालकीचे असतात. लँडिंग फी, दुकानांची भाडी, पार्किंग आणि तिकिटातून येणारं प्रवासी शुल्क यांवर ते चालतात. या शुल्काची कमाल मर्यादा २००० सालच्या कायद्याने विमानात चढण्याच्या एका वेळेला साडेचार डॉलर ठरली, आणि ती वाढवावी की नाही यावर विमानतळ आणि विमान कंपन्या अजून भांडताहेत. बी. कॉम.वाल्याने या विषयाला घाबरायचं कारण नाही.

खर्चाचं एक नीट पाहा. फेडरल मदतीचा अर्ज ग्रीन कार्डावर करता येतो, पण बॅचलर पदवी असलेल्याला पेल ग्रँट ही परत न करायची सरकारी मदत मिळत नाही आणि परदेशी पदवीही त्यात धरतात. भारतातल्या तीन वर्षांच्या पदवीकडे सगळीकडे एकाच नजरेने पाहत नाहीत, म्हणून पदवीचं मूल्यांकन आधी करून घ्या. त्यातून काही क्रेडिटही माफ होऊ शकतील. न्यू जर्सीत आपल्या काउंटीच्या कॉलेजात फी कमी पडते. कंपनी शिकण्यासाठी पैसे देते का, हेही विचारा. पुढे विमानतळ अधिकाऱ्यांच्या एएएई या संघटनेची सी. एम. (सर्टिफाइड मेंबर) परीक्षा द्या. ऑपरेशन्सच्या मुलाखतीत ती मोजली जाते.

प्रश्न: कॉलेज म्हणतं, क्रेडिट विद्यापीठात 'ट्रान्सफर होतात'. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर: नाही. कुठल्या विद्यापीठात, कुठल्या पदवीला आणि किती, हे लेखी करारात पाहा. असोसिएट इन अप्लाइड सायन्स ही पदवी प्रामुख्याने थेट नोकरीसाठी आखलेली असते, तिची क्रेडिट पुढे पूर्ण धरली जातीलच असं नाही. प्रवेशापूर्वी विद्यापीठालाही स्वतः ईमेल करा.

प्रश्न: हा कोर्स करून परत आले, तर नवी मुंबई किंवा मोपा विमानतळावर नोकरी मिळेल?

उत्तर: ग्राउंड हँडलिंग, कार्गो, प्रवासी सेवा इथे नक्की प्रयत्न करा. जिथे पदवीधर असण्याची अट आहे, तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी चालणार नाही. विमानतळ प्राधिकरणात ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर, व्हायचं असेल, तर भौतिकशास्त्र आणि गणितासह बी. एस्सी. किंवा इंजिनिअरिंग लागतं. भारतातच काम करायचं ठरलं असेल तर आधी इथली पदवी घ्या. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे, त्याची माहितीपुस्तिका आधी वाचा.