घरी ईव्ही चार्ज करायला 7.2 किलोवॅटचा वॉलबॉक्स घ्यावा का 15 अँपिअरचा प्लग पुरेल?

तुमचा प्रश्न असा हाय की कोल्हापुरात नागाळा पार्कात स्वतःचं घर, खाली पार्किंग, नेक्सॉन ईव्ही 45 बुक केलीय, रोज कागल एमआयडीसीला जाऊन येऊन 45 किलोमीटर, आणि शोरूमवाला म्हणतोय वॉलबॉक्सच, म्हणजे भिंतीवरचा चार्जिंगचा डबाच लावा तर मेव्हणा म्हणतोय साध्या 15 अँपिअरवर भागतंय. तर मेव्हण्याचं बरोबर हाय, पण त्यानं अर्धंच सांगितलंय.

आधी हिशोब बघू. 45 किलोमीटरला गाडी साधारण 7 युनिट खाते, चार्जिंगमधला लॉस धरून मीटरवर 8 पडतात. 15 अँपिअरच्या सॉकेटवर सव्वातीन किलोवॅटच्या आसपास मिळतंय म्हणजे अडीच तासात काम फत्ते, रात्री जेवून प्लग लावला की झोपायच्या वेळेला झालेलं असतंय. आता 7.2 चा बॉक्स तुम्हाला कधी लागणार, तर पुण्याहून रात्री नऊला 10 टक्क्यावर परत आलात आणि सकाळी सहाला पुन्हा पुण्याला निघायचंय तेव्हा. प्लगवर तेवढ्या वेळात 65-70 टक्क्यापर्यंत जाईल, बॉक्सवर फुल होईल. असं महिन्यात किती वेळा होतंय ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं वर्षात दोनदा झालं आणि दोन्ही वेळेला वाटेत हायवेवर फास्ट चार्जरला चहा पिऊन निघालो.

आणि एक, 11 किंवा 22 किलोवॅटचा बॉक्स कोणी गळ्यात मारत असेल तर सोडून द्या. घरच्या विजेवरच्या, म्हणजे एसी चार्जिंगचा खरा चार्जर गाडीच्या आत असतो, भिंतीवरचा डबा फक्त करंट देतो आणि सेफ्टी बघतो. तुमच्या गाडीच्या आतला 7.2 किलोवॅटचा हाय, त्यापुढं ती घेणारच नाही, तुम्ही कितीबी मोठा डबा लावा.

आता मेव्हण्यानं जे नाही सांगितलं ते, अर्थिंग. मी राजारामपुरीत जुन्या घरात राहतो, वडिलांच्या काळातलं वायरिंग. गाडी आली, पेढे वाटले, 15 अँपिअरच्या सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर लावला तर लाल लाईट. काढून लावला, पुन्हा लाल. मला वाटलं चार्जरच खराब, बदलून घ्यायला गेलो, तिथं त्यांच्या सॉकेटला लावला तर मस्त हिरवा! मग ओळखीच्या वायरमनला बोलावलं, त्यानं व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन्ही पिना सॉकेटच्या न्यूट्रलला आणि अर्थला लावल्या तर आकडा 70 च्या वर, जिथं एक-दोन व्होल्ट यायला पाहिजेत. गडी हसला आणि वायर शोधत शोधत मागच्या बाजूला गेला. आमच्या घराची अर्थिंगची वायर कोणीतरी पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला बांधली होती, आणि चार वर्षांपूर्वी प्लंबरनं तो पाइप काढून पीव्हीसीचा घातला. म्हणजे चार वर्षं गीझर, फ्रीज, वॉशिंग मशीन सगळं बिनअर्थचं चाललेलं आणि आम्हाला पत्ता नाही, ते त्या लाल लाईटीनं सांगितलं. मग अंगणात खड्डा काढून तांब्याची प्लेट, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी घालावं लागतंय, ते आईनं तुळशीच्या पाण्याबरोबर स्वतःकडं घेतलंय.

सॉकेटबद्दल पण सांगतो. घरातला नेहमीचा 15 अँपिअरचा सॉकेट गीझरसाठी अर्धा तास चालतो, इथं तो सलग तीन तीन तास फुल लोडवर असतोय, पिना सैल असल्या की प्लास्टिक पिवळं पडतंय आणि जळका वास येतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाईन ओढा, स्वतंत्र एमसीबी, चांगल्यातला इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. वायर मात्र 4 स्क्वेअर एमएमची न टाकता आताच 6 ची तांब्याची टाका, पुढं कधी 7.2 चा बॉक्स लावायचं मनात आलं तर भिंत परत फोडायला नको, फरकाचे पैसे भिंतीच्या गिलाव्यापेक्षा कमीच असतात. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, 30 मिलीअँपिअरचा, टाइप ए. दुकानात न सांगता मागितला तर बहुतेक टाइप एसी हातात येतो, डब्यावर बघा, नुसती लाट काढली असेल तर एसी, लाटेखाली छोटे उंचवटे पण असतील तर ए.

बॉक्सच घ्यायचा ठरला तर महावितरणच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे एकावेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी, किती ते आधी बघा. बॉक्स एकटा 32 अँपिअर ओढतो, त्यात गीझर आणि पाण्याची मोटार चालू झाली की सिंगल फेजवर मेन ट्रिप, आणि अंघोळीला गेलेला माणूस आतून ओरडतोय. भार वाढवायचा अर्ज ऑनलाइन होतो. बिलाचं पण गणित करा, रोजचे 8 म्हणजे सुट्ट्या सोडून 25 दिवस धरले तर महिन्याला 200 युनिट वाढणार, घरचं बिल 150 चं असेल तर तुम्ही 300 चा टप्पा ओलांडून वरच्या दरात जाता. ईव्हीसाठी वेगळा मीटर आणि वेगळा दर मिळतो का ते महावितरणला विचारा, दोन्हीची तुलना करून बघा.

आता तुमच्या नागाळा पार्कचं. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात तिकडं कुठंपर्यंत पाणी होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. भिंतीला स्क्रूनं ठोकलेला बॉक्स पाण्यात जाणार, आयपी 65 लिहिलेलं असलं तरी ते पावसाच्या माऱ्यासाठी हाय, बुडवून ठेवायला नाही. पोर्टेबल चार्जर काढून काखेत मारला आणि माडीवर नेला, विषय संपला. तुमच्यासाठी मी प्लगच्या बाजूनं हाय त्याचं मोठं कारण हेच. सॉकेट खाली ठेवलात तरी त्याचा एमसीबी वरच्या मजल्यावर घ्या, पाणी यायच्या आधी वरूनच बंद करता येतंय. आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाच्या इशारा पातळीला टेकलं की गाडी चार्ज करून राजारामपुरीकडं चढवायची, 43 फुटाच्या धोका पातळीची वाट बघत बसायचं नाही, तोवर रस्तेच बंद व्हायला लागतात.

गाडी यायच्या आधी वायरमनकडनं न्यूट्रल-अर्थ तेवढं मोजून घ्या आणि आकडा किती आला ते इथं लिहा, पाच व्होल्टच्या वर असेल तर खड्डा कुठं काढायचा त्यावर बोलू.