चाकणचा आराखडा हाती घेताना

प्रिय मित्रा,

पुण्याजवळच्या चाकण या औद्योगिक परिसरातली वाहतूक कोंडी आणि अपघात या दोन्हींचा आराखडा तुला करायचा आहे. उड्डाणपुलाची चर्चा पहिल्याच बैठकीत सुरू होईल. तिला थोडं थांबव आणि आधी तळेगाव चौक व आंबेठाण चौक नीट मोजून घे.

मोजणी दिशेनुसार हवी: कुठून आलेली गाडी कुठे वळली, दर १५ मिनिटांना, आणि दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, टेम्पो, ट्रक, कंटेनर वेगवेगळे. कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याच्या वेळा त्यात आल्याच पाहिजेत. कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा एकच दिवस मोजलास तर सगळं गणित फसेल. आठवडी बाजाराचा दिवसही धर.

मग चौकाची क्षमता काढ. आपल्या मानकांतलं सूत्र सोपं आहे: सिग्नलकडे येणाऱ्या रस्त्याच्या रुंदीला (किमान साडेपाच मीटर) ५२५ ने गुणलं की हिरव्या दिव्याच्या एका तासात किती कार-एकक (प्रत्येक वाहन किती मोटारींच्या बरोबरीचं, या हिशेबाने) जातात ते मिळतं. रस्ता १०.५ मीटरचा आणि सिग्नलच्या चक्राच्या, म्हणजे सगळ्या दिशांच्या एका पूर्ण फेरीच्या, एक तृतीयांश वेळ हिरवा दिवा असेल, तर तासाला सुमारे १,८३७. आता कडेचे ३ मीटर रिक्षा, हातगाड्या आणि प्रवाशांसाठी थांबलेल्या जीपगाड्यांनी खाल्ले, की उरतात १,३१२. म्हणजे ५२५ एककं गेली, तीही रस्त्याला कुणी हात न लावता. चौकापासूनचे पहिले १०० मीटर मोकळे ठेवणं हे म्हणूनच आराखड्यातलं पहिलं काम. रिक्षांना पुढे हक्काची जागा आखून दे, नाहीतर कारवाईची गाडी वळताच त्या परत येतील. बसथांबा चौक ओलांडल्यावर ठेव. अलीकडे ठेवला तर उभ्या बसमागून रस्त्यात उतरलेला माणूस कुणालाच दिसत नाही.

सिग्नलचं चक्र वाढवून कोंडी सुटते हा समज सोड. प्रत्येक चक्रात दिवे बदलताना १२ सेकंद वाया जातात असं धर. सगळ्या फेजची (एकेका दिशेच्या हिरव्या दिव्याच्या पाळीची) मागणी मिळून अखंड हिरव्या दिव्याच्या क्षमतेच्या ८० टक्के असेल, तर चक्राची लांबी काढायच्या वेबस्टरच्या सूत्राने ते ११५ सेकंदांचं येतं. ९० टक्के झाली की २३० सेकंदांचं. इतका वेळ पादचारी थांबत नाही, तो गाड्यांमधून निघतो. मागणी तिथवर पोचली असेल तर एखादं उजवं वळण बंद करून फेज कमी कर. मात्र ती वाहनं पुढे कुठे वळतील हे त्याच दिवशी ठरव.

कंटेनरांचा विचार वेगळा कर. कारखान्याचं फाटक उघडेपर्यंत ते रस्त्याकडेला उभे राहतात. रात्री अशा उभ्या ट्रेलरवर मागून दुचाकी आदळते. उपाय फाटकाच्या आत आहे: गाड्यांना ठरलेल्या वेळा देणं, आणि थांबण्यासाठी स्वच्छतागृह व पाण्याची सोय असलेला वाहनतळ. सोय नसेल तर तळ रिकामा राहील.

रांगेचं शेपूट कुठपर्यंत जातं तेही रोज नोंदव. पुण्यातल्या महामार्गावरच्या नवले पुलाकडे याच नजरेने बघ. कात्रजच्या नव्या बोगद्यातून उतारावर येणारा ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडला जातो, इंजिनाचा रोध जातो, ब्रेक तापून निकामी होतात, आणि खाली शहरातल्या गाड्यांची गर्दी असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एकाच अपघातात अनेक गाड्यांचं नुकसान झालं. तुझ्या भागातही वळणामागे किंवा चढ संपताच रांग लागत असेल, तर तिथे आधी काम कर.

अपघातांसाठी तीन वर्षांच्या फिर्यादी वाच. बहुतेकींत ‘हयगयीने, भरधाव वेगाने’ हेच शब्द असतील. त्यावरून रस्त्याचा दोष कळत नाही. घटनास्थळ पंचनामा आणि त्यातला कच्चा नकाशा माग. कोण कुठून येत होतं, वेळ काय, उजेड होता का, हे एकेका बाणाने चौकाच्या नकाशावर उतरव. बाण एकाच जागी गोळा झाले की कारण बहुधा तिथेच सापडतं: दुभाजकातली अनधिकृत फट, बंद दिवा, फलकाआड गेलेलं वळण. ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, ही राष्ट्रीय महामार्गावरच्या अपघातप्रवण स्थळाची अधिकृत व्याख्या. ती पूर्ण होण्याची वाट बघू नकोस.

आणि कोंडी सुटली की वेग वाढतो, हे विसरू नकोस. सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. पुण्याच्या चांदणी चौकात ऑगस्ट २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला, गाड्या सुटल्या, पण पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचा प्रश्न उरला. म्हणून रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात ओलांडण्याची जागा, दुभाजकात थांबायला आसरा आणि किमान १.८ मीटरचा मोकळा पदपथ त्याच अंदाजपत्रकात घाल. ‘दुसरा टप्पा’ म्हणून बाजूला काढलेलं हे काम सहसा होत नाही.

महामार्ग प्राधिकरण, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ), पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), नगरपरिषद, पीएमपी (शहर बससेवा), पोलीस: प्रत्येक मीटर कुणाचा, हे तक्त्यात लिहून सही घे. सांडपाण्याने खड्डा पडतो, आणि गटार एकाचं, डांबर दुसऱ्याचं असतं.

पावसाळा लागायच्या आत पहिली मोजणी उरक. बदल केल्यावर सहा आठवड्यांनी त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोज. त्या तक्त्यात रांगेच्या लांबीशेजारी वेगाचा रकानाही ठेव.

तुझा हितचिंतक