फ्रेंच शिकू की हिब्रू?

प्रश्न : मी ठाण्यात राहतो, अकाउंट्समध्ये नोकरी आहे, संध्याकाळच्या वेळात एखादी परदेशी भाषा शिकायची म्हणतोय. घरचे म्हणतात फ्रेंच घे, उपयोग तरी होईल. मला मात्र एक इस्रायली सिरीज बघितल्यापासून हिब्रूचं वेड लागलंय. पण उजवीकडून लिहायची लिपी, त्यात काना-मात्रा नाहीत, जमेल का? सोपी कुठली ते सरळ सांगा.

उत्तर : सरळ सांगायचं तर पहिल्या महिन्यात फ्रेंच सोपी वाटेल आणि हिब्रू डोक्यावरून जाईल, पण वर्षभराने तसंच वाटेल याची गॅरंटी नाही, निदान मराठी माणसाला तरी. नेटवर तुम्ही तो अमेरिकन आकडा वाचला असेल, तिथल्या परराष्ट्र खात्याच्या ट्रेनिंगमध्ये फ्रेंचला साधारण ३० आठवडे धरतात आणि हिब्रूला ४४. तो हिशोब इंग्रजी बोलत मोठ्या झालेल्यांचा आहे हो, त्यांना हिब्रूत जे छळतं त्यातलं बरंचसं आपण लहानपणापासून न कळत करतोय. आपण "मी लिहितो" आणि "मी लिहिते" म्हणतो ना, तसंच तिथे पुरुष "आनी कोतेव" म्हणणार आणि बाई "आनी कोतेवेत". समोरच्या पुरुषाला "अता", बाईला "अत". लिंगंही दोनच, नपुंसकलिंगाची भानगड नाही, आणि अहो-जाहो तर नाहीच, प्रोफेसरलासुद्धा "अता"! फ्रेंचमध्ये मात्र आपल्यासारखं तू-तुम्ही आहे आणि ते जपून वापरावं लागतं, पण ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

लिपीला घाबरू नका. २२ अक्षरं, त्यातली पाच शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात, रोज अर्धा तास बसलात तर काही आठवड्यांत हात बसतो. हाताने लिहायची अक्षरं छापील अक्षरांपेक्षा वेगळी असतात, आपल्याकडे बाळबोध आणि मोडी होती तसं, पण मोडीइतकं अवघड काही नाही. खरी डोकेदुखी आहे ती स्वर न लिहिण्याची, म्हणजे तीच तीन अक्षरं "सेफेर" वाचली तर पुस्तक आणि "सापार" वाचली तर न्हावी, वाक्य बघून ठरवायचं. सुटका होते ती धातूंमुळे. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात, क-त-व घ्या, त्यातून "काताव" म्हणजे त्याने लिहिलं, "मिख्ताव" म्हणजे पत्र, "क्तोवेत" म्हणजे पत्ता. एकदा हे साचे डोक्यात बसले की न शिकलेला शब्दही अंदाजाने वाचता येतो, आणि त्यात जी मजा आहे ती मला फ्रेंचमध्ये कधी आली नाही (फ्रेंचवाले रागावतील, रागावू देत).

फ्रेंचचं उलटं आहे. लिपी फुकटात मिळते, इंग्रजीमुळे ढीगभर शब्द ओळखीचे निघतात, पण कान तयार व्हायला फार वेळ लागतो. मी बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात, ही तीन रूपं लिहायची वेगवेगळी आणि उच्चार तिन्हींचा "पार्ल"च, शेवटची अक्षरं गिळायची, पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की गिळलेलं अक्षर कधीकधी परत बाहेर काढायचं. आकड्यांची मात्र उगाच बदनामी झालीये. ८० म्हणजे चार-वीस, ९९ म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. ज्यांच्या घरात विसांनी हिशोब करणारी आजी होती त्यांना यात काय नवल, "चार विसा नि दहा" असंच तर म्हणायच्या त्या. आणि घशातून काढायचा "र" दोन्ही भाषांत आहे, तो काही चुकत नाही.

आता उपयोगाचं. फ्रेंचचा कागद चालतो. मुंबई-पुण्यात आलियाँस फ्राँसेझ आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, डेल्फ परीक्षेचं सर्टिफिकेट कायमचं राहतं. कॅनडाच्या पीआरला, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याला, चांगल्या फ्रेंचचे जादा पॉइंट मिळतात, पण तिथे टेफ किंवा टीसीएफ ही वेगळी फ्रेंच परीक्षा लागते आणि तो निकाल दोनच वर्षं धरतात, त्यामुळे आधी डेल्फ देऊन मग "आता कॅनडा" असं करू नका. हिब्रूला असं काही नाही, क्लास शोधावा लागेल, बहुतेक ऑनलाइनच, आणि इस्रायली आयटी कंपन्या कामापुरतं इंग्रजीच बोलतात. तुमच्या पत्रात कॅनडाचं नाव कुठे नाही, नोकरी आहे, वेड आहे, मग हिब्रूच घ्या ना. घरच्यांच्या उपयोगाच्या भाषेला ऑफिसातून थकून आल्यावर कोण बसणार?

प्रश्न : आम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. सिनेगॉगमधल्या प्रार्थना पाठ आहेत पण अर्थ लागत नाही. मावशीची नातवंडं इस्रायलमध्ये अश्दोदला असतात, त्यांना मराठी येत नाही. प्रार्थनेची हिब्रू शिकले तर त्यांच्याशी बोलता येईल का?

उत्तर : ताई, अर्धंमुर्धं. अक्षरं तीच, धातू तेच, पण बायबलमधली क्रियापदं आणि वाक्यं वेगळ्या वळणाची. आजची बोलीभाषा अलीकडे उभी राहिली. एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला आले, पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याच्याशी घरात फक्त हिब्रूतच बोलायचं असा हट्ट धरला, आणि मग डिक्शनरी, आइस्क्रीम अशा साध्या गोष्टींनाही शब्द बनवावे लागले. तुम्हाला नातवंडांशी बोलायचंय तर आधी बोलीच शिका, नव्याने येणाऱ्यांसाठी तिथे जे उल्पान नावाचे वर्ग असतात तशी पुस्तकं आणि ऑनलाइन बॅच मिळतात. तेवढं आलं की प्रार्थनांचा अर्थ बराचसा आपोआप उलगडायला लागेल, उलट दिशेने गेलात तर बोलणं राहून जाईल. आणि मराठीतून हिब्रू हे काही नवीन नाही बरं का, मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत तुमच्याच समाजासाठी मराठीत हिब्रू व्याकरण छापलं होतं, आणि वल्हांडण सणाला (पासओव्हर) वाचायची पोथी, हग्गादा, १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी छापली गेली. तशी हग्गादा घरात कोणाच्या पेटीत असेल तर काढा, ओळ आणि तिचा मराठी अर्थ समोरासमोर बघत वाचायला फार बरं पडतं.

प्रश्न : दोन्ही भाषा एकदम सुरू केल्या तर?

उत्तर : नको. एकीत बातम्या वाचण्यापर्यंत पोचा, मग दुसरीचं बघू.