वेकबोर्डवर उठताच येत नाहीये, त्यात चष्मा आणि ट्रिपच्या तारखेला पाळी, काय करू?

तुझा प्रश्न वाचून आधी हसूच आलं गं, कारण 4 वर्षांपूर्वी मी पण अशीच पाण्यात लटकलेली असायचे. तू लिहिलंयस वय 21, वेकबोर्डिंगला (पाय फळीला बांधून, बोटीची दोरी धरून पाण्यावर घसरतात ते) दोनदा जाऊन आलीस, दहाएक वेळा प्रयत्न केलास आणि दर वेळी तोंडावर, ग्रुपमधले बाकी सगळे मस्त फिरतायत, वर मायनस 4 चा चष्मा आणि पुढची ट्रिप नेमकी पाळीच्या तारखेला. मोठी आहे म्हणून अगंतुगं करतेय, राग मानू नकोस.

आधी उठण्याचं बघू. दोरी ताणली की आपण घाबरून हँडल छातीशी खेचतो आणि पाय ताठ करून उभं राहायला जातो, तिथेच सगळं बोंबलतं. पाय ताठ झाले की बोर्ड पाण्यात भिंतीसारखा उभा राहतो, बोट पुढे ओढतेय आणि भिंत मागे धरतेय, मग एकतर हँडल हातातून निसटतं नाहीतर आपण पुढे फेकले जातो. मला एका ड्रायव्हरने शेवटी वैतागून सांगितलं, तू काहीच करू नकोस, नुसती बसून राहा! आणि खरंच तेवढंच करायचं असतं. पाठीवर तरंगायचं, गुडघे पोटाशी, टाचा बुडाजवळ, हात सरळ, बोर्ड दोरीला आडवा. बोट निघाली की बोर्डखाली पाणी दाबलं जातं आणि तेच तुला वर उचलतं, कोणीतरी हात धरून खुर्चीतून उठवावं तसं. वर आल्यावर पण लगेच ताठ व्हायचं नाही, थोडा वेळ उकिडवंच राहायचं, मग पुढचा पाय बोटीकडे वळवायचा, हँडल खाली कमरेजवळ. आणि नजर बोटीवर, पायाकडे बघितलंस की गेलीस.

अजून एक, तुझा पुढचा पाय कोणता ते कोणी बघितलंय का? डावा पुढे म्हणजे रेग्युलर, उजवा पुढे म्हणजे गूफी. मला पहिले दोन दिवस कोणी न विचारता रेग्युलर बांधलं होतं आणि मी निघाले गूफी. मैत्रिणीला सांग मागून हलकंच, न सांगता ढकल, तोल सावरायला जो पाय पुढे पडतो तो बहुतेक वेळा पुढचा. शिकताना स्पीड पण ताशी 25 ते 30 किमीच्या आसपास पुरतो, ग्रुपमधले 35 ने जात असतील तर जाऊदेत, तू अंगठा खाली कर, म्हणजे हळू. अंगठा वर म्हणजे जोरात. लाजायचं काय त्यात.

चष्म्याचं. लेन्स घालून पाण्यात जाऊ नकोस, हे मी जरा दरडावूनच सांगतेय. तळ्याच्या पाण्यात, खरंतर नळाच्या पाण्यात पण, अकँथअमिबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सखाली अडकला तर बुबुळाला इन्फेक्शन होतं, बरं व्हायला महिनोन्महिने लागतात आणि नजर जाऊ पण शकते. मी चष्मा बोटीत डबीत ठेवते आणि तशीच जाते, माझा साडेतीन आहे, बोट काय एवढी लहान नसते, फक्त बोटीतल्यांना सांगून ठेवते की हात मोठे करून खुणा करा. मायनस नंबर असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरला एकदा पडदा तपासून विचारलेलं बरं, कारण इथे पडताना आपटी जोरात बसते.

पाळीत जाता येतं. टॅम्पॉन किंवा कप, पण कप आयुष्यात पहिल्यांदा ट्रिपच्या सकाळी वापरायला काढू नकोस, आधी एखादी पाळी घरी वापरून बघ, नाहीतर तो दिवस बाथरूममध्ये जाईल. आणि वरून निओप्रीनची (वेटसूटच्या जाड रबरी कापडाची) शॉर्ट्स घाल, पाळी असो नसो, कारण स्पीडमध्ये पाय फाकून पडलं तर पाणी जोरात आत घुसतं आणि ते भयंकर दुखतं, हे कोणी आधी सांगत नाही. पोट फारच दुखत असेल तर त्या दिवशी बोटीत बस आणि मागे लक्ष ठेव. ड्रायव्हरला पुढे बघायचं असतं, पडलेल्या माणसाकडे बघायला दुसरं कोणीतरी लागतंच, त्यामुळे फुकट आलीये असं वाटायचं कारण नाही.

जॅकेट घातल्यावर कोणालातरी खांद्याला धरून वर ओढायला सांग, कानापर्यंत आलं तर मोठं आहे, बदलून घे. आणि कानावर आपटून नंतर कमी ऐकू यायला लागलं किंवा डोकं दुखून मळमळलं तर त्या दिवशी पुरे, परत पाण्यात उतरायचं नाही आणि डॉक्टरला दाखवायचं.

बाकी ग्रुपचं मनावर घेऊ नकोस, त्यांच्या आधीच्या पन्नास गटांगळ्या तू बघितलेल्या नाहीस. आता जाऊन आलीस की दुसऱ्या दिवशी सकाळी बघ, दात घासताना ब्रश धरवत नसेल, कोपराखालचा हात भरून आला असेल, तर समज अजून दोरी तूच ओढतेयस.