कपाटातल्या कॅसेटी आणि इंडिपॉप

प्रश्न : १९९८ साली पुण्याहून न्यू जर्सीला येताना आणलेल्या इंडिपॉपच्या (चित्रपटांबाहेरच्या भारतीय पॉप गाण्यांच्या) कॅसेटी अलीकडे पुन्हा ऐकल्या. कॉलेजात असताना उथळ वाटलेली ती गाणी आता मनातून जात नाहीत. हे केवळ स्मरणरंजन आहे का?

उत्तर : काही अंशी आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे अधिक ठळक राहतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. तरीही सारे श्रेय स्मृतीला देणे अन्यायाचे ठरेल. अलिशा चिनॉय यांच्या १९९५ सालच्या ‘मेड इन इंडिया’चे संगीतकार बिद्दू हे तरुणपणीच भारतातून इंग्लंडला गेलेले, १९७४ मध्ये जगभर गाजलेल्या ‘कुंग फू फायटिंग’ या इंग्रजी गाण्याचे निर्माते तेच आणि १९८१ मध्ये पाकिस्तानी गायिका नाझिया हसन यांच्या ‘डिस्को दीवाने’ या अल्बममागेही तेच होते. ज्याला आपण पाश्चात्त्यांची नक्कल म्हणून नाक मुरडत होतो, त्या संगीताच्या घडणीत एका भारतीयाचा असा हात होता. (नाक मुरडणाऱ्यांत मीही होतो.) लकी अली यांचे १९९६ चे ‘ओ सनम’ तर गिटार आणि किंचित खरखरीत आवाज यांवरच उभे आहे, त्याला पडद्यावरच्या नायकाची गरज पडली नाही. मराठीतला ‘गारवा’ हा अल्बम तुमच्या संग्रहात नसल्यास मिळवून ऐका : सौमित्र यांची कविता आणि मिलिंद इंगळे यांचा स्वर.

कॅसेट मात्र लावण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे गुंडाळलेली फीत मोकळी होईल.