‘पोच’ अंड्याला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (वडोदरा, दांडिया बाजार): आमच्या महिला मंडळाची पाककृतींची पुस्तिका निघते आहे. एकीने ‘पोच्ड एग’ (कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेलं अंडं) दिलंय. मराठीत ‘उकडलेलं अंडं’ लिहिलं तर चालेल का? ‘पोच अंडं’ लिहिलं तर लारीवरचं (हातगाडीवरचं) हाफ फ्राय समजतील असं काहींचं म्हणणं, आणि एकीने ‘जलपक्व अंडे’ सुचवलंय. हा ‘पोच’ म्हणजे भांड्याला पडतो तो पोचाच का? आणि आमच्याकडे सर्रास ‘बाफलेलं’ म्हणतात, ते छापावं का?

उत्तर: ‘उकडलेलं’ लिहू नका. शब्द चुकीचा आहे म्हणून नव्हे, तर तो वाचून बाई अंडं टरफलासकट पातेल्यात ठेवील म्हणून.

मराठीत उकळतं ते पाणी आणि उकडतो तो पदार्थ. चहा उकळतो, बटाटे उकडतात. पण उकडण्याला पाणी खळखळायलाच हवं असं नाही. उकडीचे मोदक वाफेवर होतात, पाण्याला शिवतही नाहीत, तरी ते उकडलेलेच. तेव्हा कोशातला अर्थ धरला तर कवचाबाहेर काढून गरम पाण्यात शिजवलेलं अंडंही ‘उकडलेलं’ ठरेल. अडचण वापराची आहे. ‘उकडलेलं अंडं’ म्हटलं की टरफल, दहाबारा मिनिटं, सोलणं आणि मीठमिरी, एवढं सगळं त्यात गृहीत असतं. रूढीने पक्का झालेला अर्थ कंसात खुलासा लिहून सैल होत नाही.

आता ‘पोच’. भांड्याच्या पोच्याशी याचं नातं नाही. इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, तिथे ‘पोश’ म्हणजे पिशवी, खिसा. पांढरं शिजताना पिवळ्या बलकाभोवती पिशवी धरतं, म्हणून हे नाव. कृतीचं मर्मही तेच आहे: पिशवी जमली तर पदार्थ जमला. मराठीत मात्र ‘पोच’ची जागा आधीच भरलेली आहे. पत्राची पोच येते, एखाद्याला पोच नसते, कुणी ‘पोचलेला’ असतो. इंग्रजीतला दुसरा अर्थ उचलला तर ‘चोरटी शिकार केलेलं अंडं’ व्हायचं, ते आणखी वेगळं.

हाफ फ्रायची शंका मात्र रास्त आहे. बंगालीत हेच झालं. तिथे ‘डिम पोच’ मागितलं तर बहुधा तेलावर तळलेलं अंडं येतं आणि पाण्यातलं हवं असेल तर ‘जल पोच’ म्हणावं लागतं. म्हणजे शब्दातून पाणी निसटलं आणि ते पुन्हा वेगळं जोडावं लागलं. तुमच्या लारीवर आमलेट, भुर्जी, हाफ फ्राय आणि ‘घोटाळा’ नावाचा अंड्याचा पदार्थ यांच्या गर्दीत ‘पोच’चं तेच होईल.

‘जलपक्व’ विनोद म्हणून ठीक. वडोद्याला शब्द घडवण्याची परंपरा मोठी आहे. १९३१ साली इथूनच ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ निघाला आणि राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी-गुजरातीसह अनेक भाषांतले प्रतिशब्द मिळाले. पण कचेरीत शब्द हुकमाने चालतो, स्वयंपाकघरात तो तोंडी बसावा लागतो. ‘दोन जलपक्व अंडी वाढ गं’ कोण म्हणेल?

माझी शिफारस: ‘पाण्यात सोडलेलं अंडं’. ‘सोडणे’ हे आपल्या स्वयंपाकाचं जुनं क्रियापद आहे. भजी तेलात सोडतात, गोळे आमटीत सोडतात, फळं वरणात सोडतात. रश्शात अंडी फोडून सोडण्याची रीत तर घरोघरी आहे, आणि ते म्हणजे रश्शात केलेलं पोच अंडंच. फक्त तिथे त्याला वेगळं नाव लागलं नाही. शिवाय या क्रियापदात हाताची रीतही सांगितलेली आहे. ‘टाकणे’ म्हटलं की अंतर आलं, आणि उंचावरून टाकलं की बलक फुटतो. ‘ओतणे’ म्हटलं की पांढऱ्याची तार होते. ‘सोडणे’ म्हणजे पृष्ठभागाशी हात नेऊन हलकेच निसटू देणे, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं.

पुस्तिकेसाठी कृती अशी लिहिता येईल:

‘पसरट पातेल्यात चार बोटं पाणी तापवा. एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा दोन मोठे चमचे लिंबाचा रस घाला. ताजं अंडं बारीक गाळणीत फोडा, पाण्यासारखं पातळ पांढरं गळून जाऊ द्या, उरलेलं वाटीत घ्या. पाण्याला उकळी आली की आच अगदी मंद करा. खळखळ थांबून तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की वाटीची कड पाण्याला टेकवून अंडं सोडा. तीन ते चार मिनिटांनी झाऱ्याने उचला, कापडावर टेकवून पाणी निथळू द्या.’

‘मंद आचेवर उकळा’ असं मात्र लिहू नका. चूक नेमकी तिथे होते. पांढरं साधारण ६२–६५ अंशांपासून धरू लागतं, बलक त्याच्या जरा वर दाट होतो. पाणी ८०–९० अंश सेल्सिअस पुरे. खळखळत्या पाण्यात पांढरं धरायच्या आत ओढलं जातं आणि त्याच्या चिंध्या होतात. मराठीत यासाठी शब्दांची श्रीमंती आहे, ती वापरा: पाणी खळखळतं, रस्सा रटरटतो, पिठलं खदखदतं. आपल्याला यातलं काहीच नको, नुसतं ‘कढत’ हवं.

‘ताजं’ हा शब्दही गाळू नका. टरफलाच्या छिद्रांतून कर्बवायू निघून जातो, पांढऱ्याचा अल्कधर्म वाढतो आणि त्याचा दाट भाग पातळ होत जातो. वडोद्याच्या मे महिन्यात फ्रिजबाहेर ठेवलेल्या अंड्याला हे व्हायला वेळ लागत नाही. पारख सोपी आहे: पाण्यात ठेवल्यावर ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं. गंमत म्हणजे सालासकट उकडायला थोडं जुनं अंडंच बरं, कारण ते नीट सोलतं. म्हणजे ‘उकडलेलं’ आणि ‘सोडलेलं’ यांची अंडीसुद्धा वेगळी!

आंबटामुळे पांढरं लवकर धरतं. ते घालताना हात सैल सुटला तर मात्र अंड्याला वास येतो आणि वरचा थर खरबरीत होतो. रश्शात चिंच-टोमॅटो असतातच, तिथे वेगळं आंबट लागत नाही. रस्साही दाट, त्यामुळे पांढरं फारसं पसरत नाही. चार अंडी करायची असतील तर एकामागून एक सोडा आणि सोडल्याच क्रमाने उचला. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी बलक घट्ट होईपर्यंत ठेवा, अशी एक ओळ जोडावी.

शीर्षकात ‘पाण्यात सोडलेलं अंडं (पोच)’ एवढं पुरे. ‘पोच्ड’ लिहायचा हट्ट नको. उच्चार तसाही ‘पोच्ट’ असा होतो आणि ‘पोच्ड अंड्याचं’ म्हणताना जीभ अडखळते.

राहिलं ‘बाफलेलं’. ते गुजराती ‘बाफवुं’ (उकडणे) वरून आलेलं, वडोद्याच्या मराठीत मुरलेलं आहे. इंदूरकरांना हे नवं वाटणार नाही. त्यांचा दाल-बाफल्यातला बाफला (कणकेचा गोळा) आधी पाण्यात उकडून मग भाजतात. पुस्तिका वडोद्यातच वाटायची असेल तर बटाट्यांना, डाळीला खुशाल छापा. या अंड्याला नको, कारण ‘बाफेलां ईंडां’ म्हणजे पुन्हा टरफलातलीच. शिवाय गुजरातीत कुणी काम बिघडवलं की ‘बाफी मार्युं’ म्हणतात, आणि पहिल्या खेपेला पांढऱ्याच्या चिंध्या झाल्या की शेजारीण तेच म्हणेल.