काळं ॲनोडायझिंग जांभळं का पडतं? आणि कुठे कोणतं काळं घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते असं: तुमच्या कारखान्यात सीएनसीवर ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट बनतात आणि बाहेर लागणाऱ्या एलईडी दिव्यांचे हीटसिंकही, म्हणजे दिव्याची उष्णता हवेत सोडणारे पात्यांचे भाग. दोन्हींवर तुम्ही काळं ॲनोडायझिंग करून घेता. आतल्या मशीनवरचे ब्रॅकेट ठीक राहतात, पण हीटसिंक सहा-आठ महिन्यांत जांभळट दिसू लागतात. ॲनोडायझिंगवाला म्हणतो, ऊन आहे, असं होणारच. तेव्हा हे खरं आहे का, काळ्या रंगाने उष्णता खरोखर जास्त बाहेर पडते का, आणि त्यापेक्षा पावडर कोटिंग बरं का?

मी भोसरीत एका ॲनोडायझिंग शॉपमध्ये आधी टाकीवर आणि मग क्वालिटीत मिळून बावीस वर्षं काम केलंय. असे जांभळे जॉब, म्हणजे ग्राहकाचे भाग, हातात घेऊन ग्राहकासमोर उभं राहण्याची वेळ माझ्यावरही आली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲनोडायझिंग म्हणजे धातूवर बाहेरून चढवलेला थर नव्हे. जॉब सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत धन टोकाला जोडतात आणि करंट सोडतात. त्याने ॲल्युमिनियमचाच वरचा भाग ऑक्साइड होत जातो. आमच्या टाकीत ॲसिड लिटरला १६० ते १८० ग्रॅम, तापमान १८ ते २१ अंश आणि करंट चौरस डेसिमीटरला दीड ॲम्पिअरच्या आसपास असायचा. या हिशेबाने मिनिटाला साधारण ०.४५ मायक्रॉन थर वाढतो, म्हणजे २० मायक्रॉनला पाऊण तास. हा थर सलग नसतो. मधमाशांच्या पोळ्यासारखे उभे कप्पे आणि प्रत्येकाच्या मध्यभागी एक छिद्र, तेही दहा-वीस नॅनोमीटर रुंद. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीच्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ही रचना मांडली. काळा रंग राहतो तो या छिद्रांत. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीन गोष्टींत आहे: छिद्रांत काय भरलंय, किती भरलंय आणि तोंड नीट बंद केलंय का.

‘ब्लॅक ॲनोडाइज’ एवढंच ड्रॉइंगवर लिहिलं, की बहुतेक ठिकाणी डायचं, म्हणजे रंगात बुडवून केलेलं, काळं मिळतं. यात जॉब धुऊन सेंद्रिय काळ्या रंगाच्या ५५-६० अंशांच्या टाकीत दहा-वीस मिनिटं बुडवतात. रंगाचे रेणू छिद्रांच्या वरच्या भागात जाऊन बसतात. उन्हातली अतिनील किरणं हे रेणू हळूहळू तोडतात. सगळे एकदम तुटत नाहीत, म्हणून काळा रंग फिकट राखाडी होण्याआधी त्यातली लालसर-जांभळी किंवा तपकिरी छटा वर येते. तेव्हा तुमचा ॲनोडायझिंगवाला म्हणतो ते अर्धं खरं आहे. सेंद्रिय रंग उन्हात कधी ना कधी उतरतो. पण सहा महिन्यांत उतरला, तर त्यात कामाचाही दोष आहे. चांगल्या काळ्या डायचा उजेडाला टिकण्याचा दर्जा उच्च असतो, मात्र तो मोजलेला असतो वीसेक मायक्रॉनच्या पूर्ण रंगलेल्या आणि नीट सील केलेल्या थरावर. आठ-दहा मायक्रॉनच्या थरात तेवढा रंग मावतच नाही. असा जॉब पहिल्या दिवशीही तिरक्या उजेडात निळसर-जांभळा दिसतो. तुमच्याकडे कोरा, न लावलेला हीटसिंक असेल तर खिडकीशी नेऊन तिरका धरून बघा.

आता सीलिंग. माझ्या मते या धंद्यात सर्वांत जास्त चोरी याच टाकीत होते. चोरी म्हणजे वेळेची आणि गॅसची. रंगानंतर जॉब ९६ अंशांवरच्या शुद्ध पाण्यात ठेवला, की ऑक्साइड पाणी धरतं, फुगतं आणि छिद्रांची तोंडं मिटतात. याला दर मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटं लागतात. म्हणजे २० मायक्रॉनला किमान ४० मिनिटं. रंगीत जॉबला निकेल ॲसिटेटचं सील जास्त चांगलं, कारण गरम पाण्यात रंग बाहेर सुटण्याआधी निकेल त्याला छिद्रातच अडवतं. प्रत्यक्षात काय होतं? संध्याकाळी गाडी उभी असते, टाकी ८५ अंशांवरच असते आणि जॉब दहा मिनिटांत बाहेर येतो. दिसायला तो तितकाच काळा. शिवाय पाणी बोअरवेलचं असेल, तर त्यातलं सिलिकेट आणि फॉस्फेट सीलिंग होऊच देत नाही. मी नवीन असताना आमच्याकडे एकदा डीआय प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, बंद पडला आणि दोन दिवस साध्या पाण्यावर सीलिंग चाललं. ते पॅनल पाच महिन्यांनी परत आले. त्यांच्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटले होते आणि ओला रुमाल फिरवला की काळा व्हायचा. तेव्हापासून मी सीलिंग टाकीचं तापमान आणि पाण्याची कंडक्टिव्हिटी (वीज वाहण्याची क्षमता, तिच्यावरून पाणी किती शुद्ध ते कळतं) रोज स्वतः लिहून ठेवत असे.

काळ्या जॉबचं सीलिंग तपासायला नेहमीची डाग-चाचणी चालत नाही. त्या चाचणीत रंगाचा थेंब ठेवून डाग पडतो का ते बघतात, आणि काळ्यावर डाग दिसणार कसा? वजन-घट चाचणीचा रिपोर्ट मागा. त्यात नमुना ॲसिडमध्ये ठेवून किती विरघळला ते मोजतात आणि चौरस डेसिमीटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत घट मान्य असते. घरच्या घरी करायचं, तर पांढरा कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून जोरात घासा. कापूस काळा झाला तर तो लॉट परत पाठवा.

उन्हाळ्याचंही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये चिलर कमी पडला आणि टाकी २५-२६ अंशांवर गेली, की ॲसिड थर बनता बनता विरघळवत जातं. छिद्रं रुंद होतात, वरचा भाग मऊ आणि भुकटीसारखा होतो. गंमत अशी, की असा थर रंग भराभर पितो, जॉब सुंदर काळा दिसतो, ग्राहक खूश होतो. पण टिकत नाही. तुमचे जांभळे पडलेले लॉट कोणत्या महिन्यातले आहेत, ते एकदा चलनं काढून बघा.

दुसऱ्या प्रकारच्या काळ्याला आम्ही इलेक्ट्रो कलरिंग म्हणतो. यात ॲनोडाइज झालेला जॉब टिनच्या क्षारांच्या टाकीत ठेवून एसी करंट देतात. टिनचे सूक्ष्म कण छिद्रांच्या अगदी तळाशी बसतात. वेळ वाढवत नेला की शॅम्पेन, मग ब्रॉन्झ, शेवटी काळा. जपानमध्ये असादा यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली, आणि जगभरातल्या इमारतींच्या कितीतरी काळ्या-ब्रॉन्झ खिडक्या तिने रंगल्या. धातूचा कण उन्हाने तुटत नाही. तुमच्या बाहेरच्या हीटसिंकला काळाच हवा असेल तर हेच घ्या. मात्र खिडक्यांचे सेक्शन करणाऱ्याकडे जा. छोट्या जॉब-शॉपमध्ये ही टाकी बहुधा नसते.

तिसरं काळं हार्ड ॲनोडायझिंगचं. टाकी शून्य ते पाच अंश, करंट जास्त, थर ३० ते ५० मायक्रॉन. यात मिश्रधातूनुसार रंग आपोआप गडद राखाडीपासून काळपटापर्यंत येतो. हॉकिन्सच्या फ्युचुरा भांड्यांचा गडद रंग अशाच प्रक्रियेतून आलेला आहे, त्यात डाय नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक सिलिंडरचं बोअर (आतलं भोक), सरकणाऱ्या पट्ट्या, टेक्सटाइल मशीनचे दोऱ्याखाली घासणारे भाग, अशा ठिकाणी हे लागतं, कारण ४०० व्हिकर्सच्या (कठीणपणा मोजायचं माप) आसपास कठीणपणा मिळतो.

उपग्रहाची गोष्ट आणखी वेगळी. तिथे निर्वात पोकळी आणि तीव्र अतिनील किरणं, सेंद्रिय रंगाचा तिथे निभाव नाही. म्हणून छिद्रांत आधी निकेल किंवा कोबाल्टचा क्षार भरतात, मग अमोनियम सल्फाइडमध्ये बुडवतात. छिद्राच्या आतच काळं सल्फाइड तयार होतं. बंगळुरूच्या इस्रोच्या उपग्रह केंद्रातही यावर काम झालेलं आहे.

आता उष्णता. इथे मला मनापासून सांगायचंय, कारण हा गैरसमज चांगल्या डिझाइन इंजिनिअरांतही दिसतो. काळ्या रंगाचा हीटसिंक जास्त थंड राहतो हे खरं, पण कोऱ्या ॲल्युमिनियमच्या तुलनेत. कोरं चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचं प्रारण फार कमी करतं, उत्सर्जकता (प्रारण करण्याची क्षमता, जास्तीत जास्त १) ०.०५ ते ०.१. ॲनोडाइज केलं की ती ०.८ च्या घरात जाते, आणि ती रंगाने येत नाही, ऑक्साइडच्या थराने येते. सत्तर अंशांचा हीटसिंक ज्या अवरक्त लांबीत उष्णता फेकतो, तिथे बिनरंगी ॲनोडायझिंगही जवळजवळ तितकंच ‘काळं’ आहे. हिशेब करून बघा. हीटसिंक ७० अंश आणि हवा ३५ अंश, तर ॲनोडाइज केलेला पृष्ठभाग चौरस मीटरला सुमारे २२० वॅट प्रारणाने देतो, कोरा १५ ते २५. पंखा नसेल तर हा फरक मोठा आहे. मात्र पात्या एकमेकींकडे तोंड करून असतात, त्यामुळे मोजायचं फक्त बाहेरचं आवरण. आणि पंखा असेल तर बहुतेक काम हवाच करते.

तुमचे दिवे बाहेर आहेत. दिवसा ऊन पडतं तेव्हा काळा पृष्ठभाग त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास शोषतो, बिनरंगी त्याच्या निम्म्याच्या आसपास. दिवा रात्री जळतो म्हणून एलईडीला फार फरक पडणार नाही, पण दिवसभर तापणाऱ्या ड्रायव्हरला (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) आणि गॅस्केटला (पाणी अडवणारी रबरी पट्टी) पडतो. मी तुमच्या जागी असतो तर बाहेरचे हीटसिंक बिनरंगी २० मायक्रॉनमध्ये करून घेतले असते. जांभळं होण्याचा प्रश्नच संपतो आणि उष्णता तेवढीच जाते. मार्केटिंगवाल्यांना काळाच हवा असेल, तर टिनचा.

ब्रॅकेटवर डायचं काळं चालेल. फक्त ते कशासाठी काळे आहेत ते बघा. नुसते सुंदर दिसायला असतील, किंवा वर लेझरने पांढरे आकडे कोरायचे असतील, तर उत्तम. काळ्यावर लेझरने रंग जाळून कोरलेली खूण वर्षानुवर्षं वाचता येते. कॅमेऱ्याभोवती असतील तर सावध. कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या एका व्हिजन सिस्टिमला आम्ही डोळ्यांना गडद काळे ब्रॅकेट दिले होते. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्याखाली तेच ब्रॅकेट कॅमेऱ्यात चमकताना दिसले, कारण बरेचसे सेंद्रिय काळे रंग तिथे प्रकाश शोषतच नाहीत. लेन्सची नळी, दुर्बीण, सेन्सरचं घर असल्या कामात आधी ब्लास्टिंग करून पृष्ठभाग मॅट करायचा आणि त्याच प्रकाशात नमुना तपासायचा.

मिश्रधातू कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. ६०६३ आणि ६०६१ या क्रमांकांच्या मिश्रधातूंवर काळा छान येतो, ६०८२ वरही. डायकास्ट (साच्यात ओतलेला) हीटसिंक असेल, एडीसी-१२ वगैरे ओतीव मिश्रधातूचा, तर त्यात दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं. ते ऑक्साइड होत नाही, थरातच राहतं आणि रंग डागाळ येतो. त्यावर पावडर कोटिंगच करा, उष्णतेच्या प्रारणात ते कमी पडत नाही. मशीन केलेल्या ब्रॅकेटवर मात्र पावडर नको. साठ-ऐंशी मायक्रॉनचा थर आटे बुजवतो आणि फिटिंगची जागा बिघडवतो. ॲनोडायझिंगचा थर साधारण दोन-तृतीयांश आत आणि एक-तृतीयांश बाहेर वाढतो, त्यामुळे २० मायक्रॉनला प्रत्येक बाजू सातेक मायक्रॉनच फुगते. आट्यांवर मात्र पिच व्यासात (आट्यांच्या मधल्या उंचीवर मोजलेला व्यास) याच्या चौपट फरक पडतो, तिथे ढिला टॅप (आटे पाडायचं थोडं मोठं हत्यार) वापरा किंवा प्लग लावून घ्या. आणि अर्थिंगची जागा मास्क करायला (झाकून ठेवायला) विसरू नका, हा थर वीज वाहू देत नाही.

ड्रॉइंगवर मिश्रधातू, आयएस १८६८ या भारतीय मानकाप्रमाणे एसी २० (म्हणजे २० मायक्रॉन) सारखी किमान जाडी, रंग डायचा की इलेक्ट्रोचा, सीलिंग कोणतं, वजन-घटीची मर्यादा आणि जिगची (टाकीत जॉब धरणारी पकड) खूण कुठे चालेल, एवढं लिहा. दर थोडा वाढेल, तो द्या.

परत आलेले जांभळे हीटसिंक थर काढून पुन्हा करता येतील. पण हे ब्रॅकेटवर करायची वेळ आली तर आधी बोअर मोजा. २० मायक्रॉनचा थर काढला, की त्याने खाल्लेला धातू गेलेला असतो, बाजूला तेरा मायक्रॉन. म्हणजे बोअर व्यासात मूळ मापापेक्षा २६ मायक्रॉन मोठं होतं, आणि नवा थर त्यातले चौदाच भरून काढतो. बेअरिंग बसायची जागा असेल तर तो जॉब भंगारात गेलेलाच बरा.